दाखला वेळेत मिळतो, पण दिलेल्या कागदांचे पुढे काय होते? तालुक्यातील एका सेवा केंद्राचे परीक्षण

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, तहसील कार्यालयासमोरच्या गाळ्यांत, एक आपले सरकार सेवा केंद्र आहे. पुतण्याच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला व नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आणि वडिलांच्या अतिवृष्टी अनुदानाची ई-केवायसी ही कामे मी तेथून करून घेतली. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. एका चालकाला उघडे पाडण्याचा हेतू नाही, आणि पुढे ज्या त्रुटी लिहिल्या आहेत त्या मराठवाड्यातील इतर तालुक्यांतही मी पाहत आलो आहे. अशा केंद्रांविषयी लिहिताना लोक कामाचा वेग, शुल्क आणि बोलण्याची पद्धत यांविषयी लिहितात. मला लिहायचे आहे ते यासाठी की, घरातील लोखंडी कपाटात जपून ठेवलेले कागद आपण ज्या टेबलावर निर्धास्तपणे पसरतो, त्या टेबलावर ते सुरक्षित असतात का, हे कोणी तपासताना दिसत नाही.

कामाबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण ते खरोखर चांगले आहे. चालक तरुण आहे, नियम त्याला पाठ आहेत, आणि नॉन-क्रिमिलेअरसाठी किती वर्षांचे उत्पन्न दाखवावे लागते, तलाठ्याचा अहवाल कोणत्या नमुन्यात हवा, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील जातीच्या नोंदीत एखादे अक्षर वेगळे असेल तर अर्ज कोठे अडकतो, हे तो अर्ज भरण्यापूर्वीच सांगतो. दरपत्रक भिंतीवर लावलेले आहे आणि त्याहून अधिक रक्कम मागितली गेली नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे सेवेचे नाव, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाचे अधिकारी यांचा फलकही तेथे आहे. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मुदत असते. आमचा दाखला त्याच्या आतच आला. या कायद्याने मराठवाड्यातल्या माणसाचे फार मोठे काम केले आहे हे मान्य केले पाहिजे. पूर्वी एका दाखल्यासाठी खेड्यातून तालुक्याला किती चकरा माराव्या लागत, हे ज्यांनी मारल्या त्यांनाच ठाऊक.

परंतु त्या फलकावर वेळेची हमी आहे, माहितीची नाही. दाखल्याला विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्जासोबत दिलेले आधार कार्ड, शिधापत्रिका, बँक पासबुक आणि सातबारा अर्ज निकाली निघाल्यावर केंद्रात किती दिवस राहतील, ते कोण पाहू शकेल आणि कोण पुसून टाकेल, याविषयी त्या भिंतीवर एक ओळही नाही.

अर्ज भरला जात असताना मी चालकाच्या शेजारी बसलो होतो, म्हणून कागदाचा प्रवास नीट पाहता आला. शिधापत्रिका स्कॅनरवर नीट बसेना, तेव्हा त्याने तिचा फोटो स्वतःच्या मोबाईलवर काढला, तो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवला, संगणकावर उघडून उतरवून घेतला, ठराविक केबीत बसावा म्हणून आकार कमी करून नव्या नावाने पुन्हा साठवला आणि मग पोर्टलवर चढवला. एका शिधापत्रिकेच्या अशा चार प्रती झाल्या: फोनच्या गॅलरीत एक, व्हॉट्सॲपमध्ये एक आणि संगणकात दोन. पोर्टलवर गेलेली पाचवी प्रत शासनाच्या ताब्यात असते, तिच्यावर शासनाचे कुलूप असते. उरलेल्या चार प्रतींवर कोणाचेच कुलूप नाही. संगणकातील डाउनलोड्सचे फोल्डर उघडले तेव्हा त्यात ‘आधार नवीन’, ‘पासबुक २’, ‘मावशी फोटो’ अशा नावांच्या फायली वर सरकत संपतच नव्हत्या, आणि ते फोल्डर कधी रिकामे केले जाते असे विचारल्यावर चालकाने सरळपणे सांगितले की, संगणक मंद झाला की करतो.

यात लबाडी नाही. पोर्टलने फाईलच्या आकाराची मर्यादा घातली आहे, ती पाळण्याचे साधन मात्र चालकाने स्वतः शोधायचे आहे, आणि त्या शोधण्यातूनच या प्रती जन्माला येतात. पोर्टलनेच फोटो घेऊन स्वतः आकार कमी करून घेतला, तर मधल्या निम्म्या प्रती तयारच होणार नाहीत. माहितीची सुरक्षितता म्हणजे सर्व्हरभोवतीची भिंत, असा समज आपल्याकडे खोलवर रुजला आहे. फॉर्मची रचना हाही सुरक्षिततेचाच भाग आहे हे मला या टेबलापाशी बसून पटले.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे आणि अधिक लागली. शुल्काचा हिशेब चालकाने एका पाठकोऱ्या कागदावर करून दिला. घरी आल्यावर तो कागद उलटून पाहिला तर मागे एका महिलेच्या बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स होती: नाव, गाव, खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि फोटो, सगळे स्वच्छ वाचता येईल असे. झेरॉक्स तिरकी आली म्हणून ती बाजूला टाकली गेली असणार. तशा कागदांचा चांगला जाडजूड गठ्ठा टेबलाच्या कडेला क्लिपमध्ये लावलेला होता. कागद वाया जाऊ न देण्याची आपली जुनी आणि चांगली सवय आहे. या ठिकाणी मात्र बिघडलेली झेरॉक्स फाडून टाकणे हेच कर्तव्य आहे. मी तो कागद परत नेऊन दिला आणि गठ्ठा दाखवला. चालकाने तो मुकाट्याने काढून घेतला, हे त्याच्या बाजूने लिहिले पाहिजे.

तिसरी त्रुटी मोबाईल क्रमांकाची. माझ्या पुढे एक वृद्ध शेतकरी होते. “मामा, मोबाईल आणला नाही का? मग माझाच टाकतो,” असे चालक म्हणाला, आणि मामा म्हणाले, “टाक बापू, तुझ्यावर भरोसा आहे.” दोघांच्याही बोलण्यात प्रेमच होते. पण त्या क्षणापासून त्या अर्जाचा प्रत्येक ओटीपी, प्रत्येक संदेश आणि पासवर्ड बदलण्याची प्रत्येक सूचना चालकाच्या फोनवर जाणार होती, आणि मामांच्या नावाने शासनाशी बोलणारा माणूस कायमचा तोच होणार होता. उद्या हा गाळा दुसऱ्याने चालवायला घेतला किंवा तो फोन हरवला, तर मामांना स्वतःच्या अर्जापर्यंत पोहोचायला मार्ग उरणार नाही.

हे प्रश्न कल्पनेतले नाहीत, मराठवाड्याने त्यांची किंमत मोजली आहे. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयात पीक विमा मिळू लागला. त्या योजनेत सरकारी जमिनीवर, पडीक जमिनीवर, मालकाला पत्ताही नसताना त्याच्या शेतावर विमा उतरवल्याचे अर्ज सापडले; अनेक सेवा केंद्रांवर कारवाई झाली, बीड जिल्ह्याचे नाव त्यात पुढे आले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंदच झाली. २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातील हदगाव तालुक्यात पुरुषांची आधार कार्डे आणि पासबुके घेऊन त्यांच्या खात्यांवर लाडकी बहीण योजनेचे पैसे उचलल्याचा प्रकार उघडकीस आला, आणि आरोप एका सेवा केंद्रचालकावर झाला. या दोन्ही प्रकरणांत कोणी सर्व्हर फोडला नव्हता. लोकांनी स्वतःच्या हाताने दिलेले कागद दुसऱ्याच कामासाठी वापरले गेले, एवढेच घडले होते, आणि तेवढे पुरेसे होते.

शासन सर्व्हरच्या बाजूने काय करते, हेही येथे मांडणे न्यायाचे आहे. शासकीय संकेतस्थळ राज्याच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्व्हरवर चढवण्यापूर्वी त्याचे सुरक्षा लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि ते करणारी संस्था सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या यादीतील असावी लागते. सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर हल्ल्याची माहिती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायची असते आणि प्रणालीतील नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या असतात. हे निर्देश शासकीय कार्यालयांनाही लागू आहेत. जून २०२३ मध्ये शासकीय कार्यालयांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत माहिती सुरक्षेसाठी जबाबदार अधिकारी नेमण्यापासून पासवर्डच्या शिस्तीपर्यंत सर्व काही आहे. ही काळजी अनाठायी नाही. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या संगणक प्रणालीवर खंडणी मागणाऱ्या विषाणूचा हल्ला झाला आणि ऑनलाइन कामे ठप्प झाली. वाळूज आणि शेंद्र्यातील उद्योजकांचा भूखंडाचा व्यवहार ज्या महामंडळाशी असतो तेच हे महामंडळ.

मुख्यालयातील ही शिस्त तालुक्याच्या गाळ्यापर्यंत येता येता विरळ होते. पोर्टलचे लेखापरीक्षण होते. पोर्टल ज्या संगणकावर दिवसभर उघडे असते त्या संगणकाचे होताना मी पाहिलेले नाही. या केंद्रात लॉग-इनचे नाव आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होते, आणि चालक जेवायला गेला असताना त्याचा मदतनीस त्याच ओळखीवर अर्ज भरत होता. नोंदी १८० दिवस जपूनही, त्या नोंदीत नाव चालकाचेच सापडणार.

लोकांची भीती मात्र वेगळ्याच जागी आहे. वडील ई-केवायसीला अंगठा लावायला तयार नव्हते. अंगठा चोरीला जातो असे गावात कोणीतरी सांगितले होते. ही भीती निराधार म्हणता येत नाही. २०१८ मध्ये शेजारच्या तेलंगणात, पेद्दपल्ली जिल्ह्यातील एका सिमकार्ड विक्रेत्याने जमीन नोंदणीच्या संकेतस्थळावरील खरेदीखतांतून अंगठ्यांचे ठसे उतरवून घेतले, त्यांचे रबरी साचे बनवले आणि त्यांवर सिमकार्डे सुरू केली. तेथेही ठसे फुटले ते आधारच्या यंत्रणेतून नव्हे, तर एका खात्याने दस्तऐवज जसेच्या तसे सर्वांसमोर ठेवल्यामुळे. सध्या वापरात येत असलेल्या एल-१ प्रकारच्या यंत्रात ठसा यंत्राच्या आतच कूटबद्ध होतो आणि चालकाच्या संगणकाला तो उघड्या रूपात मिळत नाही. या केंद्रातील यंत्र त्याच प्रकारचे होते, हे मी पाहून घेतले आणि वडिलांना समजावून सांगितले. ज्या पासबुकाच्या झेरॉक्सची त्यांना काहीच काळजी नव्हती, तिचीच खरी काळजी करायला हवी होती.

माहिती उघडी ठेवण्याची सवय खात्यांनाही आहे. झारखंडमध्ये २०१७ साली सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक निवृत्तिवेतनधारकांचे आधार क्रमांक सर्वांना दिसत होते. आपल्याकडे अनुदानाच्या याद्या पीडीएफ स्वरूपात गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतात; त्यांत नाव, गाव, गट क्रमांक आणि ई-केवायसीसाठी लागणारा व्हीके नंबर असतो. यादी जाहीर झालीच पाहिजे, कारण यादी लपली की भ्रष्टाचार वाढतो, हे मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. सातबाराही सर्वांना पाहता येतो आणि तो तसाच राहावा. कुणबी नोंदींच्या शोधात निजामकाळातील मोडी आणि उर्दू कागद जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आले, त्याचाही असंख्य कुटुंबांना उपयोग झाला. पारदर्शकतेसाठी नाव आणि गाव पुरते. फसवणूक करणाऱ्याला जो क्रमांक हवा असतो तो यादीत संपूर्ण छापण्याचे कारण नाही. अनुदान मंजूर झाल्याच्या दिवसांत शेतकऱ्यांना जे बनावट फोन येतात, ते करणाऱ्याकडे नाव आणि गट क्रमांक आधीच असतो, म्हणून तर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

कायद्याकडून अपेक्षा ठेवावी तर चित्र संमिश्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातील मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे २०२७ च्या मे महिन्यात, लागू होणार आहेत. त्यात एक चांगली तरतूद अशी की, माहिती कशासाठी गोळा करायची हे जो ठरवतो तोच तिला जबाबदार असतो. काम कंत्राटावर दुसऱ्याला दिले म्हणून त्याची सुटका होत नाही. सेवा केंद्राच्या बाबतीत हे तत्त्व नीट लावले तर चालकाच्या डाउनलोड्स फोल्डरची जबाबदारी शासनापर्यंत पोहोचेल. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे जे बंधन खासगी कंपन्यांवर आहे, त्यातून कलम १७ ने शासनाला वगळले आहे. आणि दंडाची रक्कम शासनाच्या तिजोरीत जाते. ज्या शेतकऱ्याचे पासबुक फिरले त्याला भरपाई देण्याची सोय या कायद्यात नाही. मला ही त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण तालुक्यातला माणूस दंडाचा आकडा वाचून न्याय मिळाला असे मानत नाही.

केंद्राकडे परत येतो. मी चालकाशी शांतपणे बोललो तेव्हा त्याने ऐकून घेतले. आमचे काम झाल्यावर आमच्या फायली त्याने माझ्यासमोर संगणकातून आणि रिसायकल बिनमधून काढल्या, व्हॉट्सॲपमधीलही काढल्या. “असं याआधी कोणी सांगितलंच नाही, सर,” असे तो म्हणाला, आणि ते खरे असावे. केंद्र मंजूर करताना प्रशासन जागा, संगणक, प्रिंटर आणि फलक पाहते. त्याच तपासणीत पाहणाऱ्याने डाउनलोड्सचे फोल्डर उघडायला सांगितले, टाकाऊ झेरॉक्स कोठे जातात ते विचारले आणि मॉनिटरवरची चिठ्ठी काढायला लावली, तर नवा शासन निर्णय काढल्याशिवाय पुष्कळ सुधारणा होईल. तहसीलदारांना हे एका दिवसात करता येण्यासारखे आहे.

तेथे जाणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे. दहावी-बारावीची गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळते आणि ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते. ती स्वतःच्या फोनमधून दाखवावी. जेथे केवळ ओळख पटवायची आहे तेथे आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी, ती आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येते. अंगठ्याचे काम झाल्यावर आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक कुलूपबंद करता येते, आणि आपला आधार कोठे कोठे वापरला गेला याची मागील सहा महिन्यांची नोंदही पाहता येते. वडिलांची नोंद पाहिली तेव्हा त्यांना पहिल्यांदा हायसे वाटले. अर्जात मोबाईल क्रमांक घरातल्याच कोणाचा तरी द्यावा. बिघडलेली झेरॉक्स मागून घ्यावी, त्यात संकोच करू नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत रक्कम रोखली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

कामातील जाण, वेग आणि शुल्कातील प्रामाणिकपणा यांसाठी या केंद्राला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. कागदपत्रांच्या सांभाळासाठी दीड, आणि तोही चालकाने ऐकून घेतले म्हणून. वडिलांचा फार्मर आयडी अजून काढायचा आहे. आधी त्यांचा स्वतःचा मोबाईल आधारला जोडून घेऊ आणि मग त्या कामासाठी याच केंद्रात जाऊ.